मासू: बिनखिळ्याच्या पेटीचा कोपरा कशावर टिकतो?

जपानी ‘मासू’ ही हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाची चौकोनी, बिनझाकणाची पेटी. आपल्या शेर-पायलीसारखं हे मुळात तांदूळ मोजायचं माप. आता त्यातून साके, म्हणजे तांदळाची दारूही पितात. १६६९ साली शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, देशभर एकच माप ठरवलं: एक ‘शो’ची पेटी आतून ४.९ × ४.९ × २.७ सून (१ सून म्हणजे सुमारे ३०.३ मिमी), म्हणजे १.८ लिटर. एदोतली (आजच्या टोकियोतली) आधीची पेटी ५ × ५ × २.५ सूनची होती. बाजू जरा आखूड, खोली जरा जास्त. दिसायला फिटंफाट, पण गुणाकार केला की नवं माप ३.७ टक्के मोठं निघतं. तांदळात कर घेणाऱ्यांची काही तक्रार नसावी.

आज बहुतेक मासू गिफू प्रांतातल्या ओगाकी शहरात बनतात. नेहमीची पेटी एक ‘गो’ची, म्हणजे शोच्या दहाव्या भागाची, १८० मिलीची. हाताने करायची तर १० मिमी जाडीच्या, ८५ मिमी लांब आणि ४३ मिमी उंच अशा चार फळ्या घ्या. आत ६५ × ६५ × ४३ मिमी जागा मिळते. फळीचे तंतू लांबीच्या दिशेनेच हवेत, नाहीतर कोपऱ्यात एकमेकांत बसवायचे दात कापतानाच तुटतात.

फळीच्या ४३ मिमी उंच कडेचे पाच समान भाग पाडा, प्रत्येकी ८.६ मिमी. एका फळीला तीन दात, तिला जोडायच्या फळीला दोन. साधा टेकवलेला सांधा ४.३ चौ. सेंमी जागा चिकटवतो. दातांच्या चार खेटलेल्या बगला मिळून ४ चौ. सेंमी. जागा जवळपास तेवढीच, मग फायदा काय? टेकवलेल्या सांध्यात एका फळीचं कापलेलं टोक चिकटतं, आणि तिथल्या उघड्या नळ्या सरस शोषून घेतात. दातांच्या बगलांवर मात्र तंतूंचे सपाट पृष्ठ एकमेकांना भिडतात. ‘बिनखिळ्याची’ म्हणजे बिनसरसाची नव्हे, हे इथे लक्षात घ्यावं.

आखणी पेन्सिलीने नको. धारदार सुरीने करा. करवत टाकाऊ बाजूला चालवा आणि पटाशीने खाच दोन्ही अंगांनी मध्यापर्यंत काढा, म्हणजे मागची कड उचकटत नाही. दात खाचेपेक्षा केसभर जाड ठेवून जोडणीच्या अगदी आधी हातोडीच्या किंचित फुगीर तोंडाने हलके दाबायचा. दबलेल्या पेशी सरसातलं पाणी शोषून पुन्हा फुगतात आणि सांधा आवळतो. जोरात ठोकलं तर पेशी फाटतात आणि परत फुगत नाहीत. दात उगाच जाड ठेवला तर खाचेच्या कोपऱ्यापासून फळी तंतूंच्या रेषेत चिरते. ही चीर बहुधा शेवटच्या फटक्याला पडते.

ओलाव्याने लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. भिंतींत सगळे दात उंचीच्याच दिशेने, एकत्र फुगतात, म्हणून कोपरा शाबूत राहतो. तळाचं तसं नाही. खालून चिकटवलेली ८५ मिमीची फळी ओलावा ५ टक्क्यांनी बदलला तर रुंदीला अर्धा ते एक मिमी सरकू पाहते, आणि तिच्या दोन कडांवरच्या भिंती लांबीला ढिम्म असतात. ताण तिथेच येतो. म्हणून तळाला उभ्या चिरेची (वाढवलयं पृष्ठाला काटकोनात येतील अशी कापलेली), कमी हलणारी फळी निवडतात. वापरानंतर पेटी चटकन धुऊन, पुसून सावलीत उपडी ठेवावी; पाण्यात भिजत ठेवून मग उन्हात वाळवली की आधी तळच सुटतो.