नीडल-फ्री कनेक्टर वापरणाऱ्या नर्सिंग होमसाठी माहितीपत्रक

नीडल-फ्री कनेक्टर, म्हणजे सुईशिवाय सिरिंज जोडता यावी म्हणून शिरेतील नळीच्या (लाइनच्या) टोकाला लावायचा जोड, बसवल्यावरही तो दर वेळी स्पिरिटने घासायचा कशासाठी, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. आणि सलाईन चालू असताना रुग्णाला थंडी वाजून ताप आला की कनेक्टरच सदोष असल्याचे मानून अख्खे खोके परत येते. कनेक्टरमुळे सिस्टरच्या हाताला सुई टोचण्याचा धोका टळतो आणि लाइन बंदिस्त राहते, पण त्याचे तोंड उघड्यावरच असते. रुग्णाची त्वचा, चादर आणि आपले हात यांवरचे जंतू तेथे बसतात आणि सिरिंजमधील औषधाबरोबर थेट रक्तात जातात. सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) असेल, तर हे जिवावर बेतू शकते.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे तोंड एकदाच हलके पुसून ओल्या कनेक्टरलाच सिरिंज लावणे. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नवा स्वॅब घेऊन कनेक्टरचे तोंड आणि कडेचे आटे १५ सेकंद दाबून घासावेत व आपोआप सुकू द्यावेत; फुंकर मुळीच घालू नये. चिकटलेला थर घासल्यानेच सुटतो, आणि अल्कोहोलला जंतू मारण्यास सुकेपर्यंतचा अवधी लागतो. आधी फ्लश (नळी धुण्यासाठी सलाईन सोडणे), मग औषध, पुन्हा फ्लश असे तीनदा सिरिंज लावायची असेल, तर तिन्ही वेळा घासावे. रात्रपाळीला सिस्टर एकटी असते, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही ही काही सेकंदे वाचवू नयेत.

डब्यात सकाळीच स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेला कापूस यासाठी वापरू नये. झाकण उघडले की स्पिरिट उडते आणि आत जाणाऱ्या प्रत्येक हाताचे जंतू त्यात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही इंजेक्शनसाठी असा कापूस वापरू नये असे सांगितले आहे. म्हणूनच आम्ही कनेक्टरसोबत एकेरी पाकिटातील स्वॅब सुचवतो. तो खर्च काही ग्राहकांना अनावश्यक वाटतो, परंतु रक्तातील संसर्गावरच्या अँटिबायोटिकपुढे तो नगण्य आहे. सेंट्रल लाइनसाठी कनेक्टरच्या तोंडावर बसवायच्या, अल्कोहोल असलेल्या टोप्याही आमच्याकडे मिळतात. काढलेली टोपी मात्र पुन्हा लावू नये.

कनेक्टर ९६ तासांच्या आत ठरवून बदलण्यात काही लाभ नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी जादा मागणी नोंदवू नये. आत रक्त साकळलेले दिसल्यास किंवा कनेक्टर लाइनपासून सुटल्यास तो लगेच बदलावा. नव्या सिस्टरना प्रत्यक्ष दाखवायचे असल्यास मागणी नोंदवताना तसे कळवावे. माल पोचवणारा आमचा प्रतिनिधी हे विनामूल्य करून दाखवतो.