पिकासो फक्त आर्ट्सवाल्यांचा नाही

लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे जिथे कला, समाजशास्त्रं आणि विज्ञान सगळंच शिकवतात) विज्ञानाच्या मुलांना काही नाही आणि तिथलं कलासंग्रहालय फक्त चित्रकारांसाठी, हा पालकांमधला समज भलताच चिवट आहे. अमेरिकेत ओहायोतलं ओबर्लिन कॉलेज घ्या. विजेच्या साहाय्याने स्वस्तात अ‍ॅल्युमिनियम काढण्याची पद्धत १८८६ मध्ये शोधणारा चार्ल्स मार्टिन हॉल इथलाच पदवीधर. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकनही इथलेच. आणि संग्रहालय? १९४० च्या दशकातल्या एका योजनेमुळे तिथे कुठल्याही शाखेचा विद्यार्थी नाममात्र भाड्यात अस्सल कलाकृती सत्रभर आपल्या खोलीत टांगू शकतो. अगदी पिकासोची छापचित्रंसुद्धा! त्यासाठी मुलं रात्रभर रांगेत मुक्काम ठोकतात.

पदवीतलं एखादं सत्र अमेरिकेबाहेरच्या देशात शिकायला रसायनशास्त्राची मुलंही जाऊ शकतात. पैशांचं मात्र आधी विचारून घ्या: अमेरिकी सरकारची मदत भारतीय विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि कॉलेजची शिष्यवृत्ती त्या बाहेरच्या सत्रासाठी चालेलच असं नाही.