जुन्या गाडीसाठी दुसरा इंजिन ब्लॉक निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अजूनही एखाद्या घराच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर झाकून ठेवलेली आढळते, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले की काम बहुतेक वेळा इंजिनाच्या ब्लॉकपाशी, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात त्या मुख्य ओतीव भागापाशी, येऊन अडते. पत्रा ठोकून सरळ करता येतो, वायरिंग नवे ओढता येते. पण ब्लॉकला तडा गेला असेल किंवा त्याचे सिलिंडर आणखी बोअर (आतून कातून मोठे) करण्याजोगे उरले नसतील, तर दुसरा ब्लॉक शोधण्यावाचून गत्यंतर नसते. भंगार बाजारात अनेक जण रंग मारलेला, स्वच्छ दिसणारा ब्लॉक उचलतात. माझ्या मते पहिला प्रश्न एकच असावा, तो म्हणजे सिलिंडरच्या भिंतीत किती धातू शिल्लक आहे.

या दोन्ही गाड्यांचे ब्लॉक बिडाचे (कास्ट आयर्नचे) आहेत. या बिडात साधारण 3 ते 3.5 टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हे पापुद्रे इंजिनाची कंपने शोषून घेतात आणि पिस्टनच्या रिंगा घासत असताना सिलिंडरच्या पृष्ठभागावर तेल धरून ठेवायला मदत करतात, म्हणूनच इतकी दशके ब्लॉकसाठी बीड वापरले गेले. मात्र हेच पापुद्रे ताण पडला की तड्याला वाट करून देतात. बीड जेवढा दाब सहन करते, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच ओढणारा ताण त्याला सोसतो.

आपल्याकडे ही गोष्ट घाटात कळते. गोव्याहून चोर्ला घाटाने किंवा सावंतवाडीहून आंबोली घाटाने वर येणारी जुनी गाडी शेवटच्या चढावर तापते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघडे पाणी जवळपास 97.5 अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल तर इंजिनातले पाणीही तेवढ्यावरच उकळू लागते. अशा वेळी घाईने ओतलेल्या गार पाण्याने धातूचा एक थर आकसतो, लगतचा भाग मात्र गरमच राहतो, आणि त्या ओढाताणीत ब्लॉक तडकतो. असे तडे बहुधा दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीत किंवा हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाच्या) बोल्टांच्या भोकांपाशी असतात, आणि काजळी व गंजाखाली ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

ते शोधण्याची एक जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. संशयित जागा वायर ब्रशने घासून स्वच्छ करावी, तिच्यावर रॉकेल लावून ते मुरू द्यावे, मग फडक्याने अगदी कोरडे पुसून वरून खडूची बारीक पूड चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळपट ओली रेघ उमटते. ब्लॉकमध्ये गार ठेवणारे पाणी जिथे खेळते त्या पाण्याच्या पोकळीच्या आतले तडे मात्र यात सापडत नाहीत. त्यासाठी सगळी तोंडे बंद करून पाण्याची प्रेशर टेस्टच करून घ्यावी लागते.

आता भिंतीच्या जाडीविषयी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत (ओतशाळेत) काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की ब्लॉकमधली पाण्याची पोकळी वाळूच्या कोअरमुळे (साच्यात ठेवलेल्या गाभ्यामुळे) तयार होते, आणि ओतताना तो कोअर जरासा सरकला तर सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून याचा काहीच पत्ता लागत नाही. जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक गेज वापरतात, ज्यात ध्वनीची लहर भिंतीतून जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून जाडी काढली जाते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो, तर बिडात ग्रॅफाइटमुळे तो बराच कमी असतो. तो 4,600 मीटर धरला, तर पोलादासाठी लावलेल्या गेजवर 4 मिलिमीटरची भिंत 5 मिलिमीटरहून जाड दिसेल. म्हणून ज्याची जाडी कॅलिपरने मोजता येते अशा, त्याच ब्लॉकच्या एखाद्या भागावर गेज आधी जुळवून घ्यावे. पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूची भिंत पातळ निघाली, तर तो ब्लॉक मी घेणार नाही.

पद्मिनीच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) 75 मिलिमीटर, म्हणजे चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. बोअर 1 मिलिमीटरने वाढवला तर क्षमता सुमारे 1122 सीसी होते, पण प्रत्येक बाजूची भिंत अर्ध्या मिलिमीटरने कमी होते. एवढ्याशा वाढीसाठी जाडी खर्च करण्यात शहाणपण नाही. झीज निघून जाईल तेवढेच बोअर करावे. झीज सर्वांत जास्त वरच्या टोकाजवळ, वरची रिंग जेथून माघारी फिरते तेथे असते, म्हणून बोअर गेजने वर, मधे आणि खाली, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन आडव्या दिशांनी मोजावे. भिंती पुरेशा नसतील तर लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी धातूची नळी) बसवण्याचा पर्याय असतो, परंतु त्यासाठी आणखी धातू काढावा लागतो.

क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या दांड्याला) ब्लॉकशी धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंग कॅपशिवाय ब्लॉक कधीही विकत घेऊ नये. कॅप बोल्टांनी आवळून मगच क्रँक बसण्याची भोके एका रेषेत बोअर केलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या ब्लॉकच्या कॅप बसल्या तरी भोक गोल राहत नाही आणि पुन्हा लाइन बोअरिंग करावे लागते.

दारात फौंड्री असताना नवा ब्लॉक का ओतू नये, असे कोणी विचारेल. एका नगासाठी पॅटर्न (साचा घडवायचा नमुना), सगळ्या कोअरपेट्या (कोअर बनवायचे साचे) आणि नंतरचे मशिनिंग यांचा खर्च जुन्या ब्लॉकच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

राहिला कागदपत्रांचा भाग. ब्लॉकवरचा इंजिन नंबर नोंदणी पुस्तकात असतो, त्यामुळे कोल्हापूरसारख्या ठिकाणाहून आणलेल्या ब्लॉकची नंबर नमूद केलेली पावती घ्यावी आणि बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, मात्र तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. त्यामुळे तडा बाहेरच्या भिंतीत असेल, तर दुसरा ब्लॉक शोधण्याआधी मूळ ब्लॉक मेटल स्टिचिंगने (तड्यावर धातूच्या पिना बसवून) सांधता येतो का, हे एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवून घ्यावे, आणि तोपर्यंत तो भंगारात घालू नये.