बुडबुडे कुठून निघतात ते पाहा

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात किंवा भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मालगुजारी तलावात पावसाळ्यात शोध घेणाऱ्या पाणबुड्याला स्वतःची बोटंही दिसत नाहीत. पाठीवरच्या हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह हाताच्या अंदाजानेच चालवायचा, म्हणून त्याची तपासणी काठावरच उरकलेली बरी.

टाकीच्या व्हॉल्व्हला रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब श्वासाजोगा कमी करणारं यंत्र, दोन प्रकारे जोडतात: योक आणि डिन. अशा पाण्यात डिन जोड घ्यावा. योक प्रकारात रेग्युलेटर शिकंज्याने व्हॉल्व्हवर दाबून बसतो. बुडालेल्या बाभळीवर आपटला तर सरकतो आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बाहेर निसटते. डिनमध्ये तो आट्यांनी आत शिरतो, रिंग कोंडलेली राहते. २३२ बार (दाबाचं एकक) च्या जोडाला पाच आटे, ३०० बारच्याला सात.

टाकीच्या मानेचे आटे मात्र जीवघेणे फसवतात. एम-२५ (२५ मिलिमीटर) मापाच्या आट्यांचा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या टाकीत थोडा सैल, पण बसतो. हवा भरताना तोच गोळीसारखा उडतो. दोन्हींवरचे ठसे जुळल्याशिवाय बसवूच नये.

आता गळती. भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या टपात बुडवा. तोंडातून बुडबुडे आले तर आतली सीट, म्हणजे बंद केल्यावर हवा अडवणारी गादी, खराब. मग रेग्युलेटर लावून, व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बुडवा. मुठीभोवती आले तर मुठीच्या दांड्याची ओ-रिंग खराब, मानेशी आले तर मानेची. सीट बहुधा आपणच बिघडवतो: नळाच्या वायसरसारखी करकचून आवळतो. ती मऊ असते. हवा थांबली की हात थांबवावा.

खोलण्याआधी टाकी हळूहळू पूर्ण रिकामी करायची. आवाज थांबला म्हणजे हवा संपलीच, असं नाही! व्हॉल्व्हखालची बारीक नळी गंजाच्या कचऱ्याने तुंबली तर दाब आतच राहतो. शंका आली की जाणकाराकडेच द्यावी. खोलल्यावर सगळ्या ओ-रिंगा नव्या घालाव्यात, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवावा. जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला हे ग्रीस चालत नाही, आगीचा धोका असतो.

दोन टाक्या जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या मधल्या व्हॉल्व्हने एक बाजू फुटली तरी दुसरी वाचवता येते. पण सांधे वाढले की गळतीच्या जागाही वाढतात, शिवाय डाव्या व्हॉल्व्हची मूठ फांद्यांना घासून बंद होऊ शकते. तलावातल्या उथळ शोधाला एक टाकी आणि वेगळी छोटी राखीव टाकी जास्त सोयीची.

आणि आपलं ऊन! २७ अंशांना २०० बार भरलेली टाकी बंद जीपमध्ये ६७ अंशांवर गेली तर दाब सुमारे २२७ बार होतो. काही व्हॉल्व्हांत दाब वाढल्यास फुटणारी चकती असते. जुनी, गंजलेली चकती त्याआधीच फुटते. टाकी सावलीत, ओल्या पोत्याखाली न्यावी.