पित्ताशय नसलेल्या घोड्याला ड्रॅगनचं पित्त

पोट दुखायला लागलं की घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतो, खाली बसतो, लोळतो, ताडकन उठतो आणि पुन्हा बसतो. जुन्या चिनी अश्ववैद्यांनी पोटशूळाला नाव दिलं ते नेमकं यावरून: ‘छी-वो’, म्हणजे ‘उठणं-लोळणं’. आत काय बिघडलं आहे याबद्दल हे नाव काहीच सांगत नाही. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच ते सांगतं, आणि म्हणूनच ते मला फार प्रामाणिक वाटतं.

चीनमध्ये १६०८ साली अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ छापला गेला. लिउआनच्या यू घराण्यातल्या बन-युआन आणि बन-हंग या दोन भावांनी तो लिहिला होता. त्यांच्याच नावांवरून त्याला ‘युआन-हंग ल्याओ-मा ची’ म्हणतात, म्हणजे युआन-हंग यांचा अश्वोपचार-संग्रह. त्यात या उठण्या-लोळण्याचे ३६ प्रकार दिले आहेत. बराचसा मजकूर पद्यात आहे, पागेत काम करणाऱ्याला तोंडपाठ व्हावा असा. घोड्यांना द्यायची म्हणून जी चिनी चूर्णं आज जगभर विकली जातात, त्यांतल्या काहींची कुळकथा या ग्रंथापर्यंत पोचते.

एवढा खटाटोप घोड्यासाठीच का, हे समजायला चीनचा इतिहास थोडा आठवावा लागतो. चांगले घोडे चीनला नेहमी बाहेरून आणावे लागले. हान सम्राट वू याने मध्य आशियातल्या फरगाणाच्या ‘स्वर्गीय घोड्यां’साठी इ.स.पू. १०४ मध्ये चक्क युद्ध पुकारलं. या घोड्यांना रक्ताचा घाम येतो अशी ख्याती होती. (कातडीखाली राहणाऱ्या एका कृमीमुळे घोड्याच्या अंगावर रक्ताचे थेंब येतात. त्या दंतकथेमागे हा कृमीच असावा, असं आज अनेक अभ्यासक मानतात.) पुढे सोंग राजवटीत चहा देऊन घोडे घ्यायला वेगळं सरकारी खातंच निघालं. एवढ्या मोलाचं जनावर आजारी पडलं की वैद्याला कारणं सांगून सुटता येत नसे.

हे वैद्य तपासणी कशी करत? ओठ उलटून हिरड्या आणि जीभ बघत. निरोगी तोंडाच्या रंगाला पीचच्या फुलाची उपमा होती. तो रंग फिकट पडला, पिवळा झाला किंवा जांभळ्यावर गेला, तर प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आजचा पशुवैद्यही पोटशूळाच्या घोड्याकडे आल्यावर लगेच ओठ उलटतो. हिरडीवर बोट दाबून सोडतो आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो, कारण रक्ताभिसरण ढासळायला लागल्याची खूण तिथे लवकर दिसते. वैद्य जुना असो की नवा, बघण्याची जागा एकच. त्यावरून काढलेलं कारण मात्र अगदी निराळं.

औषध पाजायला बैलाचं पोकळ शिंग किंवा बांबूची नळी असे. शिंगात काढा भरायचा, घोड्याचं तोंड वर धरायचं आणि सावकाश ओतायचं. घाई केली तर काढा श्वासनलिकेत जातो. आता पशुवैद्य नाकातून थेट जठरापर्यंत नळी घालतो. मात्रा मात्र तेव्हाही जंगी होत्या आणि आजही आहेत. चीनच्या अधिकृत पशु-औषधकोशाची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. वनौषधींसाठी त्यात वेगळा खंड आहे आणि घोड्या-बैलांसाठी चूर्णाची मात्रा अनेकदा अडीचशे-तीनशे ग्रॅम अशी दिलेली असते.

या चूर्णाचं पोटात काय होतं, हा खरा प्रश्न. घोड्याचं पोट विचित्र आहे. जठर अगदीच लहान, ८ ते १५ लिटरचं. खरा कारखाना त्याच्या मागे आहे: सीकम नावाची तीसेक लिटरची पिशवी आणि पुढे त्याहूनही मोठं आतडं. तिथे अब्जावधी जिवाणू चाऱ्यातले तंतू आंबवत असतात. बद्धकोष्ठावरच्या जुन्या चिनी योगात, म्हणजे औषधांच्या मिश्रणात, ‘दा-ह्वांग’ असतं. ही आपल्या रेवाचिनीच्या कुळातली मुळी. (मराठी नावातच ‘चिनी’ आहे.) तिच्यातला रेचक घटक, सेनोसाइड, साखरेच्या रेणूला जोडलेला असतो आणि त्या अवस्थेत तो जवळपास निष्क्रिय असतो. जठरातून, लहान आतड्यातून तो तसाच पुढे सरकतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती साखर तोडतात आणि मग तो जागा होऊन आतड्याला हलवू लागतो. म्हणजे मुळी वैद्य देतो, पण तिचं औषध बनवतात घोड्याचे जिवाणू. जिवाणूंची वस्ती चाऱ्याप्रमाणे बदलते. त्यामुळे सुक्या गवतावरच्या आणि भरपूर दाण्यावरच्या घोड्यात एकाच चूर्णाचा परिणाम सारखाच होईल, असं धरून चालणं धोक्याचं.

त्याच योगात दुसरा घटक आहे ‘मांग-श्याओ’, म्हणजे सोडियम सल्फेट. हे क्षार आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि घट्ट झालेला चारा भिजतो. आजचे पशुवैद्य याच कामासाठी मॅग्नेशियम सल्फेट नळीतून देतात. हा योग चांग चुंग-चिंग या वैद्याने इसवी सन २०० च्या सुमारास माणसांसाठी लिहिला आणि पुढे तो पागेत आला. नवल वाटण्यासारखीच गोष्ट आहे, पण याच्यापुढेच गफलत होते. उठण्या-लोळण्याची सगळी कारणं बाहेरून सारखी दिसतात. चारा अडकला असेल तर रेचक उपयोगी पडेल. आतड्याला पीळ पडला असेल तर पुढे वाट नसलेल्या नळीवर जोर देण्याने काहीच साधत नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी हातात असलेले मोजके तास निघून जातात. त्यात घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की गेलेलं बाहेर येत नाही. छत्तीस प्रकार पाठ असलेल्या जुन्या वैद्याकडे पोटाच्या आतलं दाखवणारी सोनोग्राफी नव्हती. आज ती असताना आधी चूर्ण देऊन वाट बघणं मला समजत नाही.

जुलाबावरचा जुना योग याहून मजेशीर आहे. ‘यु-जिन-सान’ या चूर्णात हळदीच्या कुळातलं एक कंद आहे, बर्बेरीन असलेल्या कडू पिवळ्या साली-मुळ्या आहेत आणि आपला हिरडाही आहे. बर्बेरीन रक्तात फारसं शोषलं जात नाही, आतड्यातच राहतं. एरवी हा औषधाचा दोष मानला जाईल, पण आतड्यातल्या जिवाणूंवर काम करायचं असेल तर तेच सोयीचं. हिरड्यातलं टॅनिन स्तंभक, म्हणजे जुलाब रोखणारं. आणि जुलाबावरच्या याच चूर्णात रेचक दा-ह्वांगही असतं! सुरुवातीला घाण बाहेर पडू द्यायची, हिरडा कमी ठेवायचा किंवा वगळायचा आणि नंतर थांबवायचं, असा त्यामागचा विचार. प्रयोगशाळेतल्या गोष्टींवरून हे पटण्यासारखं वाटतं. पण पटण्यासारखं असणं आणि आजारी घोड्यांच्या दोन गटांवर तपासून खरं ठरणं यांत बरंच अंतर आहे.

आता मथळ्यातल्या पित्ताकडे येऊ. घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो, त्यामुळे पित्त साठवून ठेवायची त्याला गरजच नसते. ते यकृतातून थेंबथेंब आतड्यात उतरत राहतं. घोड्याला पित्ताशय नसतं. चिनी लोकांना हे ठाऊक होतं. बारा राशींच्या प्राण्यांत प्रत्येकात काय उणं आहे हे सांगणाऱ्या जुन्या यादीत घोड्यापुढे ‘पित्ताशय नाही’ असंच आहे. तरीही ‘यकृत आणि पित्ताशयाची आग’ शमवणारा ‘लुंग-दान’चा योग घोड्याच्या डोळ्यांच्या वारंवार उलटणाऱ्या दाहासाठी वापरला जातो. लुंग-दान म्हणजे ‘ड्रॅगनचं पित्त’. प्रत्यक्षात ती जेन्शियनची अतिशय कडू मुळी. चिनी वैद्यकात पित्ताशय हा केवळ अवयव नाही, ती एक कार्यव्यवस्था आहे, असं यावर उत्तर मिळतं. ते मान्य केलं तरी डोळा बरा होतो का, हा प्रश्न उरतोच. या दाहात उपचार लांबला तर घोडा आंधळा होतो.

या योगाला आणखी एक काळी बाजू आहे, आणि तिच्यात घोड्यांचा वाटा आहे. योगात ‘मु-तुंग’ नावाची एक वेल लागते. या नावाखाली चीनमध्ये वेगवेगळ्या वनस्पती चालत. काही निरुपद्रवी, पण एक अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली. या कुळातलं आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत अशाच नामसाधर्म्यातून हे कुळ शिरलं. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं गेली आणि १९९३ मध्ये प्रकरण उघडकीला आलं. चीनने विषारी मु-तुंगची मान्यता २००३ मध्ये काढून घेतली.

खरं तर धोक्याची सूचना कितीतरी आधी आली होती. बाल्कन प्रदेशात, डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांमध्ये शेतकऱ्यांना मूत्रपिंडाचा एक गूढ आजार होत असे. तिथल्याच भागात अ‍ॅरिस्टोलोकियाचं तण मिसळलेलं गवत खाऊन घोड्यांची मूत्रपिंडं खराब होतात, हे १९५० च्या दशकात एका पशुवैद्यकीय शोधनिबंधात नोंदवलं गेलं. ते तण गव्हाच्या शेतातही उगवायचं आणि त्याचं बी दळणात जायचं. माणसांचा आजारही त्यातूनच येतो, हे संशोधकांनी २००७ मध्ये रेणूंच्या पुराव्यानिशी दाखवलं. घोड्यांनी दिलेली साक्ष अर्धं शतक कपाटात पडून होती.

‘वनस्पती आहे, अपाय काय करणार’ असं कुणी म्हणालं की मला हे गवत आठवतं.

शर्यतीच्या घोड्यांकडे वळलं की एका पुडीचं नाव हमखास ऐकू येतं: युनान बायआओ. चू ह्वान-चांग यांनी १९०२ मध्ये तयार केलेलं हे रक्त थांबवणारं चूर्ण. त्याची कृती चीनमध्ये सरकारी गुपित आहे. भरधाव पळणाऱ्या अनेक घोड्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो, कधी नाकातूनही रक्त येतं. त्यावर हे चूर्ण देण्याची प्रथा पडली. पण तो रक्तस्राव होतो कशामुळे? विश्रांतीत मिनिटाला ३०-४० ठोके देणारं घोड्याचं हृदय दौडीत २२० च्या पुढे जातं. फुप्फुसाच्या धमनीतला दाब २५-३० मिलिमीटरवरून १०० च्या घरात पोचतो आणि कागदाहून पातळ केशवाहिन्या फाटतात. रक्त गोठण्यात काहीच कमतरता नसते. पाइप दाबाने फुटत असेल तर पाणी घट्ट करून काय उपयोग? फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध इथे वापरतात, कारण ते दाबच उतरवतं.

तपासण्याही झाल्या. भूल दिलेल्या तट्टांवरचा २००२ चा एक प्रयोग युनान बायआओच्या बाजूने गेला. रक्त थांबायला कमी वेळ लागला. पुढे २००५ मध्ये ट्रेडमिलवर पळवलेल्या घोड्यांना हे चूर्ण आणि आणखी एक चिनी योग देऊन फुप्फुसातला रक्तस्राव मोजला, तेव्हा दोन्हींचा फायदा दिसला नाही. निरोगी घोड्यांवर २०१७ मध्ये झालेल्या चाचणीत रक्त गोठण्याच्या मोजमापांत फरक पडला नाही. हे प्रयोग लहान आहेत, पण त्यांचा कल कुणीकडे आहे ते दिसतं. शिवाय हाँगकाँगमध्ये २०१३ साली याच चूर्णात न सांगितलेले बचनागाचे अल्कलॉइड सापडले आणि माल परत मागवला गेला. बचनाग बराच वेळ उकळला की त्याचं विष पुष्कळ उतरतं, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. पण नीट उकळलं गेलं की नाही, हे गुपित कृतीवरून कसं कळणार?

मग इतक्या अनुभवी लोकांना गुण आल्यासारखं का वाटतं? घोड्याला आपण औषध खातो आहोत हे माहीत नसतं, म्हणून त्याच्यावर मनाचा खेळ चालत नाही असं म्हणतात. पण लंगडणं कमी झालं की नाही हे ठरवतो मालक, आणि त्याला सगळं माहीत असतं. पैसे त्याने मोजलेले असतात. पोटशूळाचे बरेचसे झटके साध्या उपचाराने किंवा आपोआपही थांबतात, आणि श्रेय शेवटी दिलेल्या पुडीला जातं. ढासणाऱ्या घोड्याला चूर्ण सुरू करताना जाणता मोतद्दार सोबत गवतही भिजवून द्यायला लागतो. दम्याचं मूळ बहुतेक वेळा त्या गवताच्या धुळीत असतं, तेव्हा गुण कुणाचा?

खोकल्याच्या काही चिनी योगांत मात्र निर्विवाद काम करणारा घटक आहे. ‘मा-ह्वांग’ या झुडपातून जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रीन वेगळं केलं. पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी १९२४ मध्ये त्याचे गुणधर्म जगापुढे मांडले. ते श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदय वेगाने चालवतं आणि उत्तेजना आणतं. म्हणूनच स्पर्धेच्या घोड्याच्या रक्तात ते सापडलं तर घोडा बाद होतो. गोची अशी की चूर्णाच्या डब्यावर वनस्पतींची नावं असतात, रेणूंची नसतात. शुद्ध औषध किती दिवस आधी थांबवायचं ते मोजून सांगता येतं. मुळीतला घटक पिकागणिक कमी-जास्त असतो, तिथे दिवस कुठून मोजायचे? प्रयोगशाळेला वनस्पती आणि इंजेक्शन यांत भेद करायचं कारण नाही, तिला फक्त रेणू दिसतो.

बीजिंग ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धा २००८ मध्ये रोगनियंत्रणाच्या कारणाने हाँगकाँगला झाल्या. तिथे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेतल्या चार घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सायसिन सापडलं, म्हणजे मिरचीतला तिखट पदार्थ. ते दुखणं बधिर करतं आणि कातडी हुळहुळीही करतं, त्यामुळे दोन्ही अर्थांनी वर्ज्य. त्या चारांतला एक घोडा नॉर्वेच्या संघातला होता. संघाने जिंकलेलं कांस्यपदक काढून स्वित्झर्लंडला देण्यात आलं.