धरत नाही की सोडत नाही?

‘क्लच गेला’ म्हटलं की दुखणं निम्मंच कळतं. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडणारा भाग. तो गेला म्हणजे धरत नाही, की सोडत नाही? दोन्ही अगदी उलट तक्रारी आणि त्यांचे खर्चही वेगळे. पहिलीत गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दुसरी बऱ्याचदा दोन बोल्टांवर भागते. हा फरक मी उशिरा शिकलो.

माझी गाडी माझदा एमएक्स-5, 1992 सालची. 1989 मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ही पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोन सीट, छप्पर मागे टाकता येतं, 1.6 लिटरचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. इकडे न्यूजर्सीत नोकरदाराला परवडणारी जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे बहुतेक वेळा हीच.

घेतल्यावर दोन महिन्यांत रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज यायला लागला. मी लगेच अख्खा क्लच सेट मागवला. एका जाणत्या मित्राने फक्त एवढंच विचारलं, “पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो का रे?” पडत होता. मग तो गाडीखाली गेला, गिअरबॉक्सच्या बगलेला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण मागे सरकवलं आणि बोट बाहेर काढून दाखवलं. ब्रेक ऑइलने ओलं!

पेडल दाबलं की तेलाचा दाब या सिलिंडरचा दट्ट्या पुढे ढकलतो आणि क्लच सुटतो. तेल गळलं की दट्ट्या पुरेसा सरकत नाही, प्लेट (क्लचची अस्तर लावलेली चकती) फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, घासत राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतच नाही. प्लेट ठणठणीत असूनही गिअर कुरकुरतो. या गाडीचं हे नेहमीचं दुखणं आहे. मागवलेला क्लच सेट पुढे दीड वर्ष गॅरेजच्या फळीवर पडून होता.

खरा ‘न धरणारा’ क्लच त्यानंतर आला, आणि आला तोही दबक्या पावलांनी. पहिल्या गिअरला काहीच कळत नाही, कारण तिथे इंजिन झपाट्याने वेग घेतं, त्याचा काही जोर स्वतःच्याच फ्लायव्हीलला फिरवण्यात जातो आणि क्षणात गिअर बदलायची वेळ येते. चौथ्या-पाचव्याला तसं होत नाही. इंजिनचा जवळजवळ सगळा पीळ (टॉर्क) क्लचवर येतो आणि बराच वेळ येत राहतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला, 3000 आरपीएमच्या आसपास, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि स्पीडोमीटर जागीच रेंगाळला, तर प्लेट स्लिप मारतेय. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरला क्लच सोडून गाडी बंद पडते का बघायची पद्धतही लोक सांगतात. मला ती आवडत नाही. तिने जेवढं कळतं त्यापेक्षा जास्त जळतं.

किती जळतं, याचा हिशेब करण्यासारखा आहे. इंजिन 2000 आरपीएमवर स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये निघालात, तर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर होतो. माणसासह 1050 किलोच्या गाडीला तेवढ्यात साधारण 10 किलोज्यूल गतिज ऊर्जा मिळते. आणि जवळजवळ तेवढीच उष्णता प्लेटवर निघते. कितीही हळुवार सोडा, हा निम्म्याचा वाटा सुटत नाही. 100 मिलिलिटर पाणी जवळपास 25 अंशांनी तापेल इतकी ती. 4000 आरपीएमवर निघालात की चौपट. आणि 10 टक्के चढावर 1200 आरपीएमला हाफ क्लचवर गाडी नुसती तोलून धरलीत, तर सुमारे पावणेतीन किलोवॅट, म्हणजे बाथरूममधल्या गीझरएवढी उष्णता सतत त्या दोन चकत्यांमध्ये. जळका वास उगाच येत नाही.

झिजताना पेडल हलकं नाही, जड होतं. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची डायफ्रॅम स्प्रिंग बशीसारखी असते. तिचा जोर दाबाबरोबर सरळ वाढत नाही. डब्याचं झाकण दाबताना एका टप्प्यावर ते टक्कन नमतं, त्यातलाच प्रकार. अस्तर झिजत जातं तसा तिचा जोर आधी थोडा वाढतो आणि मग उतरतो. म्हणून पेडल हळूहळू जड होतं, आपल्या पायाला सवय होते आणि मग एक दिवस पकड सुटायला लागते.

गिअरबॉक्स उतरवताना या गाडीत एक जादा पायरी आहे. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट आधी सोडवावी लागते. एवढं सगळं उतरवल्यावर नुसती प्लेट बदलणं म्हणजे कंजूषपणा. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग हे सगळं तेव्हाच बदलावं. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलकडेही बघावं, कारण तिथून झिरपलेलं तेल कोऱ्या प्लेटलाही घसरवतं. माझ्या फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या. लेथवर घासून घेतलं. जुन्या प्लेटवर रिवेटची डोकी अस्तराच्या जवळजवळ पातळीला आली होती.

आतली धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसावी.

बसवताना प्लास्टिकच्या खोट्या शाफ्टने प्लेट बरोबर मध्यभागी धरायची, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. मधोमध नसेल तर गिअरबॉक्स आत जातच नाही. त्या दिवशी आम्ही दोघं गाडीखाली पडून तासभर रेटत होतो, मग कळलं की खोटा शाफ्ट बोल्ट आवळण्याआधीच मी बाहेर काढला होता.

नव्या क्लचचं पेडल इतकं हलकं निघालं की घराबाहेरच्या पहिल्याच सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली.