भौतिकशास्त्र म्हणजे हुकलेले इंजिनिअरिंग नव्हे

बारावीचा निकाल लागला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी एकच वाक्य ऐकू येते: इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही तर भौतिकशास्त्र घे आणि पुढे मास्तरकी कर. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली मुले न आवडणाऱ्या शाखेत चार वर्षे काढतात याचे मनापासून वाईट वाटते.

मांडवीवरचा अटल सेतू डोळ्यांसमोर आणा. त्याच्या केबलवर किती भार येईल आणि ती किती जाड हवी, हे अभियंता ठरवतो. ताणलेली केबल वाऱ्यात ठरावीक वारंवारतेलाच का थरथरते, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा. यांपैकी कोणता प्रश्न मुलाला स्वस्थ बसू देत नाही, हे आधी पाहावे.

राहिला नोकरीचा मुद्दा. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत भरती-ओहोटी आणि सागरी प्रवाह यांवर जे संशोधन चालते, त्याचा पाया भौतिकशास्त्रच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणासाठी अभियंत्यांबरोबर भौतिकशास्त्राचे एम.एस्सी.धारकही निवडले जातात. मात्र केवळ बी.एस्सी.वर थांबल्यास संधी खरोखरच कमी मिळतात, हे पालकांपासून लपवू नये.

दोन्हींची ओढ असणाऱ्यांसाठी झुआरीनगरच्या बिट्स या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत पाच वर्षांत भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आणि बी.ई. अशा दोन्ही पदव्या घेता येतात. बी.ई.ची शाखा पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळते.